नामिएच्या रस्त्यांवर, पडद्यावरून

जपानच्या फुकुशिमा प्रांतात नामिए नावाचं एक छोटं शहर आहे. मार्च २०१३ च्या सुरुवातीला गूगलची कॅमेरा बसवलेली गाडी तिथल्या रस्त्यांवरून फिरली आणि महिनाअखेरीस ती दृश्यं स्ट्रीट व्ह्यूवर सगळ्यांसाठी खुली झाली. त्या वेळी गावात राहणारं कुणीच नव्हतं. ११ मार्च २०११ चा भूकंप, पाठोपाठ आलेली त्सुनामी आणि फुकुशिमा दाइइची अणुवीज प्रकल्पातला अपघात, यांमुळे सुमारे २१ हजार लोकांनी घरं सोडली होती. गाडीला बोलावणं धाडलं होतं नगराध्यक्ष तामोत्सू बाबा यांनी. देशभर विखुरलेले गावकरी त्यांना एकच गोष्ट विचारत होते: आपलं गाव आता दिसतं कसं?

रस्त्यावरून टिपलेली दृश्यं भूगोलाच्या अभ्यासात एरवी सोय म्हणून वापरली जातात. प्रवास वाचतो, वेळ वाचतो, आणि शंका आली तर कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन बघून येतं. नामिएत ही शेवटची पायरीच नव्हती. तिथे शिरायला परवानगी लागत होती आणि मुक्काम करायला बंदी होती. त्यामुळे या साधनाची जी परीक्षा इथे झाली, तितकी कडक क्वचितच होते.

प्रश्न असा मांडता येईल. नामिएत चार वेगवेगळ्या कारणांनी मोडतोड झाली. जमीन हादरली, समुद्र आत आला, माणसं निघून गेली आणि काही वर्षांनी माणसांनीच परत येऊन इमारती पाडल्या. रस्त्यावरून दिसणाऱ्या चित्रांतून ही चार कारणं एकमेकांपासून वेगळी काढता येतात का? आणि ज्या पाचव्या कारणामुळे गाव रिकामं झालं, त्या किरणोत्साराचं काय?

गावाचा आकार

नामिए पूर्व-पश्चिम लांबट आहे, क्षेत्रफळ सुमारे २२३ चौरस किलोमीटर. पूर्वेला पॅसिफिकचा किनारा आणि उकेदो हे मासेमारीचं बंदर. तिथून चारेक किलोमीटर आत, जोबान रेल्वेमार्गावरच्या स्टेशनाभोवती बाजारपेठ. पश्चिमेकडे जमीन चढत जाते ती आबुकुमाच्या डोंगराळ प्रदेशात, आणि पार टोकाला त्सुशिमा हा जंगलातला भाग. १९५० च्या दशकात लहान लहान गावं एकत्र करून हे शहर बनवलं गेलं, म्हणून बंदर, बाजार आणि डोंगर असे तीन निरनिराळे भूगोल एकाच नावाखाली आले. अणुवीज प्रकल्प दक्षिणेला, शेजारच्या ओकुमा आणि फुताबा या गावांच्या हद्दीत. नामिएची बाजारपेठ त्याच्यापासून दहा किलोमीटरांच्या आतच येते.

हे आधी नकाशावर पाहून घेणं फार गरजेचं असतं. पॅनोरमामध्ये, म्हणजे चहूबाजूंना फिरवून पाहता येणाऱ्या दृश्यामध्ये, थेट उडी मारली की माणूस लगेच दिशा हरवतो. बाण दाबत दाबत पाच चौक पुढे गेल्यावर समुद्र डावीकडे आहे की पाठीमागे, हे सांगता येत नाही, आणि मग जे दिसतं त्याचा कशाशी संबंध लावायचा तेही कळत नाही.

तारीख, ऋतू आणि सावली

पहिली फसगत तारखेची. स्ट्रीट व्ह्यूच्या कोपऱ्यात महिना आणि वर्ष येतं, दिवस येत नाही. त्याहून वाईट म्हणजे शेजारशेजारच्या दोन पॅनोरमांची वर्षं वेगळी असू शकतात. रस्त्यावरून सरळ पुढे जात असतानाच आपण नकळत चार वर्षं ओलांडतो. ही अडचण फक्त नामिएची नाही. कर्टिस आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्येच अमेरिकेतल्या वस्त्यांच्या संदर्भात तारखांच्या या अस्थिरतेवर शोधनिबंध लिहिला होता. जागेची पाहणी करताना आपण एकच क्षण पाहतोय असं वाटतं, प्रत्यक्षात ती गोधडी असते. म्हणून प्रत्येक निरीक्षणापुढे पॅनोरमाचा महिना आणि वर्ष लिहून ठेवायचं, ही पहिली शिस्त.

दुसरी फसगत ऋतूची, आणि तिथे मी स्वतः घसरलो. मार्च २०१३ च्या दृश्यांत शेतं तपकिरी, मरगळलेली, कोरड्या उंच काड्यांनी भरलेली दिसतात. पहिल्यांदा पाहताना मी ते सगळं दोन वर्षांच्या ओसाडपणाच्या खात्यावर मांडून टाकलं. पण त्या अक्षांशावर मार्चच्या सुरुवातीला राबती शेतंही तपकिरीच असतात, भाताची लावणी अजून दोन महिने दूर असते. ओसाडपणाची खूण तपकिरी रंगात नव्हती, काड्यांच्या उंचीत होती. कसलेल्या खाचरात कापणीनंतर बुडख्यांच्या सरळ ओळी उरतात. सोडून दिलेल्या खाचरात ओळी पुसल्या जातात आणि पुरुषभर उंचीचं तण वाळून उभं राहतं. पूर्व अमेरिकेतून आलेली गोल्डनरॉड ही जपानमध्ये पडीक जमिनीवर पसरणारी वनस्पती तर याबद्दल कुप्रसिद्धच आहे. तिच्या पिवळ्या फुलांची दृश्यं शरद ऋतूत सापडतात, मार्चमध्ये फक्त काड्या.

चित्र नेमकं कधीचं, याची शंका असेल तर सावली उपयोगी पडते. नामिए साडेसदतीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. मार्चच्या सुरुवातीला तिथे माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४६ ते ४७ अंश वर असतो, म्हणजे विजेच्या खांबाची सावली खांबाच्या उंचीपेक्षा किंचित कमी पडते. जूनअखेरीस तीच सावली उंचीच्या पावपट, डिसेंबरअखेरीस पावणेदोन पटींहून जास्त. जपानची प्रमाणवेळ १३५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आणि नामिए १४१ अंशांवर, त्यामुळे मार्चच्या सुरुवातीला खरी माध्यान्ह घड्याळातल्या बाराच्या दहा-बारा मिनिटं आधीच होते. त्या क्षणी सावली नेमकी उत्तरेला. सकाळच्या किंवा दुपारच्या चित्रात हा हिशेब इतका सरळ राहत नाही, तरी हिवाळा की उन्हाळा एवढं सांगायला तो पुरतो.

अंतर मोजण्याची युक्तीही अशीच साधी आहे. कॅमेरा जमिनीपासून किती उंच आहे हे माहीत असेल, तर एखाद्या वस्तूचा पायथा क्षितिजरेषेच्या किती अंश खाली दिसतो यावरून ती किती दूर आहे ते काढता येतं. जपानमध्ये इथे एक मजेशीर वळण आहे. सुरुवातीला तिथल्या गाड्यांवरचा कॅमेरा २.४५ मीटर उंचीवर होता आणि तो कुंपणभिंतींवरून लोकांच्या अंगणात डोकावत होता. तक्रारी झाल्या, आणि २००९ मध्ये गूगलने जपानसाठी कॅमेरा ४० सेंटीमीटर खाली आणला. आता गणित करा. वस्तूचा पायथा १० अंश खाली दिसत असेल, तर २.०५ मीटर उंचीच्या कॅमेऱ्यापासून ती साडेअकरा मीटरवर असते. जुनी उंची धरली तर उत्तर जवळजवळ चौदा मीटर येतं. शेजाऱ्यांच्या खासगीपणासाठी घेतलेला निर्णय असा भूमितीत येऊन बसतो. अर्थात जमीन सपाट असेल तरच हा हिशेब चालतो. उकेदोत तो चालतो, डोंगराकडे अजिबात नाही.

बाजारपेठ आणि बंदर

स्टेशनाजवळच्या मुख्य रस्त्यावर शरद ऋतूत मोठा उत्सव भरायचा. नगराध्यक्ष बाबांनी ही दृश्यं प्रसिद्ध होताना लिहिलं होतं की त्या उत्सवात ३०० दुकानं लागायची आणि लाखभर माणसं यायची. २०१३ च्या दृश्यात त्याच रस्त्यावर जुनी लाकडी दुकानं रस्त्याकडे कललेली, काही पार बसलेली. या भागात भूकंपाची तीव्रता जपानी मापनपद्धतीनुसार 'वरची ६' नोंदली गेली होती. त्या श्रेणीत आता वर फक्त ७ उरते.

इथे कारण ओळखणं सोपं जातं, नीट पाहिलं तर. तळमजल्यावर दुकान असलेल्या लाकडी इमारतीला रस्त्याच्या बाजूने भिंत कमी असते, बहुतेक सगळी उघडी दारं. जड कौलांचं छप्पर वर. हादरे बसले की अशी इमारत समोरच्या, कमकुवत बाजूला झुकते किंवा तळमजला चेपून वरचा मजला तसाच खाली येऊन टेकतो. शेजारची नवी इमारत मात्र जवळपास शाबूत. म्हणजे मोडतोड इमारतीच्या वयावर आणि बांधणीवर ठरते, जागेवर नाही. आणि मुख्य म्हणजे काय नाही ते पाहायचं: भिंतींवर चिखलाची आडवी रेघ नाही, वाकलेले कठडे नाहीत, परकं सामान वाहून आलेलं नाही. पडलेली कौलं ज्या घराची, त्याच घरासमोर पडलेली.

आता पूर्वेला, उकेदोकडे चला. तिथे तर्क उलटा होतो. मोडतोड बांधणीवर नाही, जागेवर ठरते. जुनं-नवं, लाकडी-काँक्रीट असा भेद न करता एका पट्ट्यातली घरं जवळजवळ सगळीच गेलेली आणि मागे काँक्रीटचे पाये उरलेले. रस्त्यावरून चालवताना ते पाये गवतात चौकोनी रेघांसारखे दिसतात. उकेदोच्या बंदरात एकेकाळी १४० मासेमारी बोटी आणि परिसरात ५०० इमारती होत्या, असं बाबांनी लिहिलं होतं. बोटी किनाऱ्यापासून किलोमीटर-किलोमीटर आत शेतांत पडून होत्या. प्रवेशबंदीमुळे दोन वर्षांत त्या हलवताच आल्या नव्हत्या.

भूगोलाच्या अभ्यासकाला ही अडलेली बोट म्हणजे मोजपट्टीच. पाण्याने तिला कुठवर आणलं हे ती दाखवते आणि पाणी ओसरताना खोली कुठे कमी पडली हेही. रस्त्याकडेचे धातूचे कठडे कुणीकडे वाकलेत ते पाहिलं, तर प्रवाहाची दिशा कळते. फक्त एक सावधगिरी: लाट आत येते तशीच परत जाते, आणि परतीचा ओघ पुष्कळदा वस्तूंना उलट वाकवतो. एका कठड्यावरून निष्कर्ष काढू नये. दहा पाहावेत, आणि नदीजवळचे वेगळे धरावेत, कारण नदीच्या पात्रातून पाणी अधिक वेगाने आत शिरतं. इथे उकेदो नदी समुद्राला मिळते, आणि तिच्या मुखाजवळच दक्षिणेकडून ताकासे नदी येऊन मिळते.

उंचीचा प्रश्न उरतो. त्यासाठी उकेदोची प्राथमिक शाळा. किनाऱ्यापासून सुमारे ३०० मीटरवरची ही दुमजली काँक्रीटची इमारत त्या पट्ट्यात उभी राहिलेल्या मोजक्या वास्तूंपैकी एक. तळमजला पार उद्ध्वस्त, भिंतीच्या आत काही शिल्लक नाही. वरच्या मजल्याची अवस्था त्या मानाने बरी. म्हणजे पाण्याची पातळी साधारण कुठवर होती, हे इमारत स्वतःच सांगते. वर सांगितलेली कोनांची युक्ती वापरून दोन मजल्यांमधली ती सीमा किती उंचीवर आहे हे पडद्यावरून काढता येतं, आणि जपानच्या भूस्थानिक माहिती प्राधिकरणाने आपत्तीनंतर लगेच काढलेल्या हवाई छायाचित्रांशी आणि पूररेषेच्या नकाशाशी ते ताडून पाहता येतं. हे ताडून पाहणं वगळलं, तर बाकीचं सगळं नुसतं अंदाजाचं राहतं. रस्त्यावरच्या चित्राला खोली असते, पण विस्तार नसतो. पूर कुठे थांबला ती रेघ हवेतून दिसते. रस्त्यावरून दिसतं ते त्या रेघेच्या आत नेमकं काय झालं.

तेव्हा पहिल्या दोन कारणांपुरतं उत्तर होकारार्थी. भूकंपाची मोडतोड घरागणिक बदलते, त्सुनामीची मोडतोड पट्ट्यागणिक. तिसऱ्या कारणाच्या, म्हणजे माणसं निघून जाण्याच्या, खुणा याहून बारीक: डांबराच्या भेगांमधून वर आलेलं गवत, दुकानाच्या बंद शटरला घट्ट वेढलेला वेल, सायकलच्या पुढच्या टोपलीत साचलेली पानं. या खुणा गावभर सारख्या पसरलेल्या असतात. पडक्या दुकानापुढेही आणि धड उभ्या घरापुढेही. एकसारखेपणा हेच इथलं निदान.

कॅमेऱ्याला न दिसणारं

आता पाचवं कारण. या प्रकरणाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि चित्रांत तो शून्य आहे.

१२ मार्च २०११ ला प्रकल्पाभोवती २० किलोमीटरच्या वर्तुळातून लोकांना हलवण्याचा आदेश निघाला. नामिएचे हजारो लोक वर्तुळाबाहेर, आपल्याच शहराच्या पश्चिम टोकाला, त्सुशिमाला गेले. तिथे शाळांमध्ये, सभागृहांमध्ये मुक्काम केला. १५ मार्चला वाऱ्याची दिशा वायव्येकडे वळली, किरणोत्सारी ढग नामिएवरून त्सुशिमा आणि शेजारच्या इइताते गावाच्या दिशेने गेला आणि पाऊस-बर्फाबरोबर जमिनीवर उतरला. सरकारकडे हवेतल्या प्रसाराचं अंदाज-गणित करणारी यंत्रणा होती, पण तिचे निकाल गावापर्यंत पोचले नव्हते. लोक सुरक्षित समजून जिथे गेले, तिथेच पातळी बाजारपेठेपेक्षा कितीतरी जास्त होती. त्यानंतर शहराचा कारभार निहोनमात्सू या आणखी आतल्या शहरात हलला.

वर्तुळ कंपासने काढलेलं होतं. ढग मात्र वारा, दऱ्या आणि पाऊस यांच्या वाटेने गेला. हा फरक स्ट्रीट व्ह्यूत कुठेच दिसत नाही. उद्ध्वस्त उकेदो भयंकर दिसतं, पण किनाऱ्यावरची किरणोत्साराची पातळी तुलनेने कमी. त्सुशिमाची जंगलं, लाकडी घरं, वळणावळणाचे रस्ते अगदी शाबूत, आणि तिथेच परत जाणं सर्वांत अवघड. चित्रांवरून 'नुकसानीचा नकाशा' काढला तर तो खऱ्या नकाशाच्या बरोबर उलटा निघेल. मला विचाराल तर या साधनावर विश्वास ठेवायचा की नाही, याचं उत्तर या एका उदाहरणात आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींबद्दल विचारा, तर ते प्रामाणिक साक्षीदार आहे. न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल विचारलंत, तर ते गप्प बसत नाही, चुकीचं उत्तर देतं.

या जागी दुसरा थर लागतोच. एप्रिल २०११ पासून जपानच्या शिक्षण-विज्ञान मंत्रालयाने आणि अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने विमान-हेलिकॉप्टरमधून किरणोत्साराची मोजणी केली. वायव्येकडे गेलेला तो लांबट पट्टा त्या नकाशांवर स्वच्छ उमटलेला आहे. पॅनोरमा आणि तो नकाशा शेजारी ठेवल्याशिवाय नामिएबद्दल एक वाक्यही लिहू नये.

एक आडवाट मात्र आहे. किरणोत्सार दिसत नाही, पण त्यामुळे माणसांनी काय केलं ते दिसतं. १ एप्रिल २०१३ ला, म्हणजे ती दृश्यं प्रसिद्ध झाल्यावर आठवडाही उलटला नव्हता तेव्हा, नामिएची तीन विभागांत फेरआखणी झाली. सगळ्यात कडक विभागाचं नाव 'परतणं अवघड असलेला प्रदेश', आणि शहराच्या क्षेत्रफळाचा सुमारे ८० टक्के भाग त्यात आला. राष्ट्रीय मार्ग ६ वरची मोटारींची वाहतूक सप्टेंबर २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली, पण या प्रदेशातून जाताना दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांच्या तोंडाशी अडसर. स्ट्रीट व्ह्यूचा निळा आराखडा उघडला की ज्या रस्त्यांची दृश्यं आहेत ते निळे दिसतात. मुख्य रस्त्याची निळी रेषा लांबवर जाते आणि गल्ल्यांत शिरतच नाही, असा तुकडा दिसला की त्याचं कारण शोधावं. कधी तो खासगी मार्ग असतो, कधी गाडीला आणखी एक दिवस मिळालेला नसतो. कधी तिथे खरंच अडसर असतो. निळ्या रेषेचा अभाव हा पुरावा नाही, पण कुठे शोधायचं ते तो सांगतो.

तशीच दुसरी खूण म्हणजे निर्मळीकरणाची. शेतांवरची वरची सुमारे ५ सेंटीमीटर माती खरवडून काळ्या पिशव्यांमध्ये भरली गेली. साधारण घनमीटरभर मावणाऱ्या त्या पिशव्यांचे थर शेतांतच तात्पुरत्या साठ्यांत रचले, पुढे त्यांवर हिरवी आच्छादनं पडली आणि २०१५ पासून त्या ओकुमा-फुताबातल्या मध्यवर्ती साठ्यात हलवायला सुरुवात झाली. खरवडलेल्या शेतांवर डोंगराकडून आणलेली वाळूसारखी माती पसरली, ती मूळ मातीपेक्षा फिकट. रस्त्यावरच्या चित्रात फिकट शेत, काळ्या पिशव्या, हिरवी आच्छादनं, आणि मग एकदम काही नाही, असा क्रम दिसला तर तो एका अदृश्य पदार्थाचा प्रवासच असतो, फक्त उलट्या बाजूने पाहिलेला.

स्लायडर मागे-पुढे

एप्रिल २०१४ मध्ये स्ट्रीट व्ह्यूवर जुनी दृश्यं पाहण्याची सोय आली. त्याआधी नवं दृश्य आलं की जुनं नजरेआड व्हायचं. आपत्तीग्रस्त तोहोकूच्या, म्हणजे ईशान्य जपानच्या, बाबतीत अपवाद झाला होता. गूगलने २०११ मध्ये तिथे ४४ हजार किलोमीटरांहून जास्त रस्ते पालथे घातले आणि त्या डिसेंबरमध्ये आधीची-नंतरची दृश्यं शेजारी ठेवून दाखवली. नामिएचा बंद भाग अर्थातच त्या फेरीत नव्हता.

इथे चौथं कारण येतं, आणि सर्वांत मोठी दिशाभूलही इथेच होते.

३१ मार्च २०१७ ला बाजारपेठ आणि किनारा धरून सुमारे एक पंचमांश भागातली बंदी उठली. दुसऱ्या दिवशी रेल्वे नामिए स्टेशनापर्यंत आली, आणि मार्च २०२० मध्ये जोबान मार्ग सलग सुरू झाला. आता एखाद्याला काहीच न सांगता बाजारपेठेची २०१३ ची आणि नंतरची दृश्यं द्या आणि विचारा, गाव कधी जिवंत होतं? बहुतेक जण २०१३ वर बोट ठेवतील. तिथे घरं आहेत, पाट्या आहेत, दुकानं आहेत, रस्त्याला दोन्ही बाजू आहेत. नंतरच्या दृश्यांत रस्त्याकडेला खडी पसरलेले मोकळे चौकोन, मधूनच एखादी नवी इमारत.

प्रत्यक्षात २०१३ मध्ये तिथे रात्री एकही माणूस झोपत नव्हता, आणि २०२३ मध्ये सुमारे २ हजार लोक राहत होते. मोकळे चौकोन हे परतण्याच्या प्रक्रियेचाच भाग. वर्षानुवर्षं बंद राहिलेली, उंदीर-रानडुकरांनी नासवलेली घरं पर्यावरण मंत्रालयामार्फत सरकारी खर्चाने पाडून मिळत होती, आणि ठरावीक मुदतीत अर्ज करायचा होता. कुणी पाडून नवं बांधलं. पुष्कळांनी पाडलं आणि परतलेच नाहीत. दोन्हींचा पडद्यावरचा चेहरा एकच: खडी.

शहरांच्या बदलाचा अभ्यास करताना पुष्कळदा दोन वर्षांची चित्रं संगणकाला दाखवून 'सुधारणा' की 'ऱ्हास' असा आकडा काढतात. नामिए असा आकडा काढणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असायला हवं. इमारत दिसणं म्हणजे वस्ती नव्हे, आणि ती नाहीशी होणं म्हणजे वस्ती उठणं नव्हे. न्यू यॉर्कमध्ये रंडल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये स्ट्रीट व्ह्यूवरून केलेली पाहणी प्रत्यक्ष पाहणीशी ताडली, तेव्हा पदपथ, वाहतूक, पार्किंग अशा टिकाऊ गोष्टींत दोन्ही चांगल्या जुळल्या. कचरा, लोकांचा वावर अशा रोज बदलणाऱ्या गोष्टींत जुळणी कमी पडली. वस्ती आहे की नाही हा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा. मग बारीक खुणा शोधाव्या लागतात: वाळत घातलेले कपडे, अंगणात उभी गाडी, कापलेलं गवत, सुरू असलेलं पेय-विक्री यंत्र. खासगीपणासाठी चेहरे आणि गाड्यांचे क्रमांक धूसर केलेले असतात, पण दोरीवरचे कपडे धूसर करत नाहीत.

किनाऱ्याची गोष्ट वेगळी. उकेदोच्या पट्ट्याला आपत्ती-धोक्याचं क्षेत्र ठरवून तिथे घर बांधायला मनाई झाली, म्हणून तिथली रिकामी जमीन रिकामीच राहणार. उत्तरेकडे, जिथे एकेकाळी आणखी एक अणुवीज प्रकल्प व्हायचा होता, तिथे २०२० मध्ये २० मेगावॉटच्या सौर पट्ट्यांवर चालणारं हायड्रोजन निर्मिती केंद्र उभं राहिलं. तो जुना प्रकल्प वीज कंपनीने मार्च २०१३ मध्ये रद्द केला. म्हणजे कॅमेऱ्याची गाडी नामिएत फिरली त्याच महिन्यात.

पद्धतीबद्दल एकच व्यावहारिक गोष्ट सांगून टाकतो. गूगलची दृश्यं पाहून नोंदी करणं वेगळं आणि ती ढिगाने उतरवून घेणं वेगळं, दुसऱ्याला सेवाअटी आड येतात. चित्रं हाताशीच हवी असतील तर स्वीडनमध्ये सुरू झालेलं आणि २०२० मध्ये फेसबुकने घेतलेलं मॅपिलरी खुल्या परवान्यावर लोकांनी टिपलेली दृश्यं देतं. त्यात सगळीकडची दृश्यं मात्र मिळत नाहीत, आणि कुणाला कुठे जावंसं वाटलं यावर सगळं अवलंबून.

शेवटी पुन्हा उकेदोची शाळा. ऑक्टोबर २०२१ पासून ती आपत्तीचं स्मारक म्हणून लोकांसाठी उघडली आहे. ११ मार्चला शाळेत ८२ मुलं होती आणि ती सगळी वाचली. शिक्षकांनी त्यांना भातखाचरांमधून दीडेक किलोमीटरवरच्या ओहिरायामा टेकडीकडे नेलं. पायथ्याशी वर चढायची वाट मोठ्यांना सापडेना, तेव्हा तिथे येणंजाणं असलेल्या एका मुलाने ती दाखवली. मुलं झाडीतून टेकडी चढली, पलीकडे उतरून राष्ट्रीय मार्ग ६ वर आली, आणि तिथे एका ट्रकने त्यांना गावात पोचवलं. स्ट्रीट व्ह्यूवर शाळा सापडते, राष्ट्रीय मार्गही सापडतो. मधली टेकडी ओलांडायची तर समोच्चरेषांचा नकाशा उघडावा लागतो.